जहाजावरचा की शाळेतला?

नोरोव्हायरसला बातम्यांत अनेकदा ‘जहाजावरचा विषाणू’ म्हणतात. हे वर्णन दिशाभूल करते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांना उलटी-जुलाबाचे रुग्ण मोजून कळवावे लागतात, म्हणून जहाजांची बातमी होते. विषाणूचे नाव मात्र नॉरवॉक या अमेरिकी गावावरून पडले. तेथे १९६८ साली साथ आली ती शाळेत!

२०२५ च्या जानेवारीत पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात हातपाय लुळे पाडणाऱ्या ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. चर्चा मुख्यतः पाण्याची झाली, ते योग्यच. पण नोरोव्हायरस हातांवाटेही पसरतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला पुरती दाद देत नाही. तेव्हा चाकणच्या कारखान्याचे कॅन्टीन असो वा आपली शाळा, नळाशेजारी साबण हवाच.