पत्र पोचले, अक्षरे हरवली

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका शाळेने काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या मुलांची यादी ई-मेलने पाठवली. मुदतीच्या आत पाठवली आणि ती पोचलीही. पण पलीकडे यादी उघडली, तेव्हा मुलांची, गावांची आणि प्रकल्पांची नावे जिथे असायला हवी होती तिथे प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या. इंग्रजीत टंकलेले इयत्तांचे आकडे तेवढे शाबूत होते. शाळेला निरोप गेला : तुमचा संगणक आमच्याशी जुळत नाही, सर्वांनी एकच प्रोग्रॅम वापरायला हवा.

हा निरोप तेथील गुरुजींनी मला दाखवला. असे निरोप आपल्या ओळखीचे असतात. शाळेत जुना विंडोजचा संगणक, तालुक्याच्या कचेरीत नवा, एखाद्या संस्थेत लिनक्स आणि मुख्याध्यापकांच्या हातात अँड्रॉइडचा फोन. इतकी सरमिसळ असल्यावर बिघाड व्हायचाच, असे आपण धरून चालतो. या समजुतीचीच तपासणी आज करायची आहे. माझ्या मते ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे खरा दोष झाकला जातो.

आधी शेजारचेच एक उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिच्यात आहेत. निरनिराळ्या देशांतील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणे करतात आणि ती माहिती आपापल्या संगणकावर नेऊन अभ्यासतात. त्या सर्वांचे संगणक एकसारखे असावेत असा आग्रह कोणी धरत नाही. खगोलशास्त्रज्ञांनी हा प्रश्न १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ नावाच्या करारातून सोडवला. त्या काळी निरनिराळ्या संगणकांचे ‘शब्द’ ३२, ३६, ६० बिट अशा वेगवेगळ्या लांबीचे असत. म्हणून माहितीचा गठ्ठा २८८० बाइटचा, म्हणजे २३,०४० बिटचा ठरवला. ३२, ३६ आणि ६० यांचा लसावि १४४०. २३,०४० ही त्याची बरोबर १६ पट. कोणत्याही संगणकात गठ्ठा तुटत नाही. शिवाय प्रत्येक फाइलच्या माथ्यावर, आत काय आहे आणि ते कसे वाचायचे, हे साध्या अक्षरांत लिहिण्याचे बंधन घातले. म्हणजे संगणक एकसारखे करण्याऐवजी करार एक केला.

ई-मेलचाही असा करार आहे. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसे द्यायचे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. ते इतके साधे आहेत की त्यांचा गाभा आजही बदललेला नाही. परंतु त्यांत एक मर्यादा होती. पत्रातील प्रत्येक चिन्ह ७ बिटांत बसले पाहिजे, म्हणजे एकूण १२८ चिन्हे. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांत ती संपतात. देवनागरीला जागाच नव्हती.

ही उणीव १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ या पुरवणी नियमांनी भरून काढली. जुने सर्व्हर न बदलता त्यांच्यातूनच कोणतीही लिपी, चित्र किंवा ध्वनी पाठवायचा, ही त्यांची युक्ती. पत्राच्या माथ्यावर जाहीर करायचे की आतला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, अक्षरांसाठी कोणती संकेतपद्धती वापरली आहे, आणि वाटेत टिकावा म्हणून त्याची बांधणी कशी केली आहे.

एक उदाहरण करून पाहा. ‘जुन्नर’ या शब्दात ज, उकार, न, हलन्त, न, र अशी युनिकोडची ६ चिन्हे आहेत. आज सर्वत्र वापरात असलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८ बाइट झाले. ‘बेस-६४’ ही बांधणी दर ३ बाइटांची ४ साधी इंग्रजी अक्षरे करते, म्हणजे २४ अक्षरे. ही २४ अक्षरे १९८२ च्या नियमांतूनही सुखरूप जातात, आणि पलीकडचा प्रोग्रॅम माथ्यावरची सूचना वाचून पुन्हा ‘जुन्नर’ उभा करतो.

कल्पना उत्तम आहे. मग तिच्यावर टीका कशासाठी? माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला असा, की संकेतपद्धती जाहीर केली नाही तर मजकूर इंग्रजी समजावा, असे माइमने ठरवले. ज्याची भाषा इंग्रजी, त्याला विसरण्याची मुभा मिळाली. ज्याची भाषा मराठी, त्याला विसरण्याची किंमत मोजावी लागली. दुसरा आक्षेप इंटरनेटच्या एका नामवंत तत्त्वावर आहे. पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा, अशी शिकवण पोस्टेल यांनी दिली होती. या उदारपणामुळे जाळे वाढले हे खरे. पण स्वीकारणारे प्रोग्रॅम चुकीच्या पत्राचाही अंदाजाने अर्थ लावू लागले, आणि पाठवणाऱ्याला आपली चूक कधी कळलीच नाही. वही न तपासता गुण दिले तर मुलाचे जे होते तेच येथे झाले.

आता खरा उपयोगाचा भाग. पडद्यावरचा कचरा सगळा सारखा नसतो. डॉक्टर पुरळ पाहून रोग ओळखतो, तसा त्यावरून दोष ओळखता येतो.

रिकामे चौकोन दिसले तर पत्र निरोगी आहे. वाचणाऱ्याच्या संगणकात देवनागरी फाँट नाही. फाँट बसवला की काम झाले.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो, आणि त्याच्यामागे जपानी येनचे किंवा चार काड्या फुटलेल्या वर्तुळाचे चिन्ह येते, तेव्हा यूटीएफ-८ मधील देवनागरी पश्चिम युरोपीय पद्धतीने वाचली जात आहे. बाइट बहुधा शाबूत असतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये संकेतपद्धती यूटीएफ-८ निवडावी.

तशी पुनरावृत्ती नसलेली निरर्थक रोमन अक्षरे दिसली, तर मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असण्याचा संभव मोठा. तेथे संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच पाठवावा.

‘विनमेल.डॅट’ नावाची न उघडणारी फाइल आली, तर पाठवणाऱ्याने आउटलुकमध्ये ‘रिच टेक्स्ट’ ही मांडणी निवडली आहे. त्याने साधा मजकूर किंवा एचटीएमएल निवडले की हा त्रास थांबतो.

आणि प्रश्नचिन्हे? ती सर्वांत वाईट. ज्या संकेतपद्धतीत देवनागरी नाही तिच्यात मजकूर कोंबला गेला, आणि न बसलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रोग्रॅमने प्रश्नचिन्ह ठेवले. मूळ अक्षर त्या प्रतीत उरतच नाही. वाचणाऱ्याने काहीही केले तरी ते परत येत नाही.

याखेरीज काही तक्रारींचा अक्षरांशी संबंध नसतो. कचेरीतल्या संगणकावर पत्र दिसते, मुख्याध्यापकांच्या फोनवर दिसत नाही. याचे कारण बहुधा ‘पॉप’ ही पद्धत असते. ती टपालपेटीतून पत्रे काढून घरी नेण्यासारखी आहे, आणि अनेकदा सर्व्हरवर प्रत ठेवत नाही. ‘आयमॅप’ पद्धतीत पत्रे पेटीतच राहतात आणि सर्वांना दिसतात. एकच खाते अनेक यंत्रांवर उघडायचे असेल तर आयमॅपच हवी. तसेच, पासवर्ड बरोबर असूनही जुना प्रोग्रॅम नाकारला जातो, तेव्हा त्याचे वय पाहा. जोडणी सुरक्षित करणाऱ्या ‘टीएलएस’च्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, आणि ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅमचे नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर होणारे प्रवेश बंद केले. हा सर्व्हरचा हट्ट नव्हे. करार काळानुसार कडक झाला आहे.

आता पुन्हा त्या शाळेकडे येऊ. आलेल्या पत्राचा मूळ मजकूर पाहण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते. ती वापरली, तेव्हा माथ्यावर पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीचे नाव होते आणि खाली खरोखरच प्रश्नचिन्हे होती. म्हणजे नावे शाळेतून निघण्यापूर्वीच पुसली गेली होती. दोन्हीकडे एकच प्रोग्रॅम असता तरी हेच झाले असते. दोष होता पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधील एका सेटिंगचा. ती यूटीएफ-८ वर नेली आणि त्याच संगणकावरून, त्याच प्रोग्रॅममधून यादी पुन्हा पाठवली. सर्व नावे नीट उमटली. प्रदर्शनाची मुदत मात्र तोपर्यंत उलटून गेली होती.

ई-मेलचे नियम लिहिणाऱ्यांनी आपल्या लिपीचा विचार उशिरा केला, पण केला. आपण मात्र संगणकाच्या तासाला अजूनही कोणते बटण कुठे आहे एवढेच सांगत बसतो. बटणे दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलतात. पत्राच्या माथ्यावर काय लिहिलेले असते, हे एकदा मुलांना उघडून दाखवा. प्रश्नचिन्ह, चौकोन आणि येनचे चिन्ह यांतील फरक ओळखणारे मूल ‘संगणक जुळत नाही’ या उत्तरावर गप्प बसणार नाही.