‘योगसंग्राम’: दाखला नको, वाचन हवं

शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आपण हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दाखला म्हणून काढतो आणि मिटून ठेवतो. वाचायचा राहूनच जातो! श्रीगोंद्याचे हे संतकवी कादरी सूफी परंपरेतले; ग्रंथ १६४५चा, मराठी ओवीतला. कादरी मंडळी गोल बसून, मोठ्यानं जिक्र करतात, म्हणजे ईश्वराची नावं घेतात. आपल्या मावळातल्या भंडारा डोंगरावर तुकोबांचा एकांत होता, पण कीर्तन चारचौघांतच. नाम माणसांत का आणायचं? ‘योगसंग्राम’मधली लढाई अहंकाराशी आहे. एकट्याच्या जपात ‘मी जपतो’ हा मी शाबूत राहतो. मेळ्यात आपला आवाज वेगळा ऐकू येत नाही. मला ग्रंथाचं मोल इथं दिसतं. ऐक्य मिरवणं सोपं आहे हो, स्वतःचा आवाज सोडणं अवघड.