निळूभाऊंचा खालचा स्वर

निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले. तेव्हापासून त्यांची आठवण निघाली की कुणीतरी घोगरा आवाज काढून ‘बाई, वाड्यावर या’ म्हणतं आणि हशा पिकतो. त्यामागे प्रेम आहे, हे मान्य. पण या नकलेतून निळूभाऊंचा अभिनय तेवढा नेमका गळून गेला आहे.

‘सामना’तला (१९७५) हिंदुराव धोंडे पाटील पुन्हा पाहावा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी पडद्यावर आणलेला हा साखरसम्राट कुठूनतरी आलेल्या दारुड्या मास्तरला घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तर गावातून बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करू लागतो, तेव्हा दुसऱ्या कुणी आवाज चढवला असता. निळूभाऊ तो खाली आणतात. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, शब्दाशब्दामध्ये सवड. ज्याच्या शब्दावर कारखाना आणि गाव दोन्ही चालतं, त्याला ओरडावं लागतच नाही. सगळी दहशत त्या सवडीत आहे. आणि तरीही या माणसाला मास्तरबद्दल खरी ओढ वाटते; निळूभाऊ तीही झाकत नाहीत. खलनायकाला असं एकटेपण देणारा दुसरा नट मला मराठी पडद्यावर आठवत नाही.

हे कुठल्या नाट्यशाळेत शिकलेलं नव्हतं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारखं लोकनाट्य. तिथून ‘एक गाव बारा भानगडी’तले (१९६८) झेलेअण्णा. गावोगावचे पुढारी त्यांनी समोर बसलेले पाहिले होते, त्यांच्यासमोरच त्यांची टर उडवली होती. ‘सखाराम बाइंडर’ही त्यांनीच रंगभूमीवर उभा केला.

‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर ते सत्तेच्या थेट दुसऱ्या टोकाला आहेत. पत्रकार दिगू टिपणीस बहुतेक वेळ नुसता ऐकतो. अरुण सरनाईक, लागू, सतीश दुभाषी यांच्या गर्दीत ऐकण्याची भूमिका करायची आणि तरी प्रेक्षकाची नजर आपल्यावर ठेवायची, याला फार मोठी ताकद लागते.

आज चरित्र अभिनेत्याला ही सवड मिळत नाही. दैनंदिन मालिकेत एका वाक्यावर तीन चेहरे दाखवतात, वर ढणाणा संगीत. खलनायकाला डोळे गरागरा फिरवण्यापलीकडे काम उरत नाही. दोष नटांचा नाही, रोजच्या रोज भाग काढायच्या घाईचा आहे. कलापथकंही जवळपास संपली. पण ‘फँड्री’त (२०१३) किशोर कदमांनी केलेला बाप पाहा: कैकाडी वस्तीतला, वाकलेला, लाचारीच्या सवयीनं बोलणारा कचरू. किंवा ‘कोर्ट’मधले (२०१४) वीरा साथीदार, थेट चळवळीतून आलेले. कदम कवीही आहेत. निळूभाऊंसारखंच या दोघांचं स्टुडिओबाहेर स्वतःचं जगणं होतं आणि ते पडद्यावर उतरलं.

एक गोष्ट मात्र मला फार टोचते. खुद्द निळूभाऊंनाही हिंदुराव आणि दिगूच्या तोडीचं फार थोडं मिळालं. बाकी डझनावारी चित्रपटांत त्यांना तोच पाटील, तोच सरपंच, तीच बाईवरची नजर. त्या नजरेपायी गावोगावच्या बायकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही शिव्या घातल्या. निर्मात्यांनी ती हुकमी पावती मानली आणि पुन्हा तीच भूमिका पुढं केली. तेंडुलकरांसारखा लेखक भेटला तेव्हा हा नट किती खोल जाऊ शकतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्याच्यासाठी नवं लिहायला फारसं कुणी बसलं नाही.