श्राव्य पुस्तक आणि काकुविचार

श्राव्य पुस्तके ऐकणाऱ्यांच्या अभिप्रायांत तीन विधाने वारंवार आढळतात. रहस्यकथा ऐकावयास उत्तम, गंभीर ग्रंथ मात्र डोळ्यांनीच वाचावा, हे पहिले. आत्मचरित्र ज्याचे त्यानेच वाचून दाखवावे आणि ते गायकाचे असेल तर दुसऱ्याचा आवाज चालावयाचा नाही, हे दुसरे. काही झाले तरी ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, हे तिसरे. ही तिन्ही विधाने करणारा श्रोता पुष्कळदा एकच असतो. सकाळच्या प्रवासात तो रहस्यकथा ऐकतो, रात्री एखाद्या रॉक संगीतकाराच्या आठवणी ऐकतो आणि तरीही पुस्तक ‘वाचले’ असे म्हणताना अडखळतो. असे अभिप्राय करमणुकीच्या गप्पा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु त्यांत साहित्यविचारातील एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. त्याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. मुद्रणाच्या प्रसारानंतर श्रव्य काव्य नावापुरते श्रव्य राहिले. व्यवहारात ते मूक झाले. श्राव्य पुस्तकाने त्यास पुन्हा आवाज दिला, परंतु त्यामुळे ते दृश्य काव्य, म्हणजे नाटक, झाले नाही. या मधल्या अवस्थेचे स्वरूप समजण्यास ‘काकु’ ही संज्ञा उपयोगी पडते. काकु म्हणजे अर्थ पालटविणारा स्वराचा विशेष. भरताने वाचिक अभिनयाच्या विवेचनात तिचे साकांक्ष व निराकांक्ष असे दोन प्रकार सांगितले. रुद्रटाने काकुवक्रोक्ती हा शब्दालंकार मानला; त्यावर राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त आक्षेप घेतला की काकु हा अभिप्राययुक्त असा पाठाचा धर्म आहे, त्यास अलंकार कसे म्हणावे? मम्मटाने पुढे काकुवक्रोक्तीस शब्दालंकारांतच स्थान दिले. वादाचा गाभा असा की काकु संहितेत असते की वाचण्यात? मूकवाचनात हा प्रश्न निद्रिस्त राहतो, कारण तेथे संहितेस स्वर देणारा वाचकच असतो. श्राव्य पुस्तकात मात्र लेखक आणि श्रोता यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती उभी राहते आणि काकु तिच्या स्वाधीन होते.

२

रहस्यकथेचा आणि श्राव्य पुस्तकाचा संबंध जुना आहे. ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची योजना १९३५ साली सुरू झाली. तेव्हाच्या पहिल्या ध्वनिमुद्रित पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडच्या ‘टायफून’बरोबर अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही १९२६ सालची कादंबरी होती. या कादंबरीचा निवेदक डॉ. शेपर्ड हाच खुनी आहे, ही गोष्ट आता सर्वविदित आहे. निर्णायक जागी तो खोटे सांगत नाही. केलेले कृत्य तेवढे गाळतो. दोन वाक्यांच्या मध्ये दहा मिनिटे नाहीशी होतात आणि वाचकास त्याचा पत्ता लागत नाही. मोठ्याने वाचणाऱ्यास मात्र त्या ठिकाणी काहीतरी करावेच लागते. तो क्षणभर अधिक रेंगाळला तर रहस्य फुटते. घाईने पुढे गेला तर ते वाक्य श्रोत्याच्या स्मरणात ठसत नाही आणि अखेरचा उलगडा निष्फळ होतो. येथे वाचकाचा कस नाट्यपूर्ण उच्चारात लागत नाही, संयमात लागतो.

श्रोत्यास पाने उलटून मागे जाता येत नाही, ही अडचण नेहमी सांगितली जाते. ती खरी असली तरी या कादंबरीत तिचा परिहार संहितेतच झालेला आहे. अखेरच्या प्रकरणात शेपर्ड आपलीच पूर्वीची वाक्ये पुन्हा उद्धृत करून त्यांतील चातुर्य दाखवितो. तीच वाक्ये, तोच आवाज. परंतु पहिल्या वेळी निराकांक्ष वाटलेले वाक्य दुसऱ्या वेळी साकांक्ष होते. भरताच्या वर्गीकरणाचे इतके नेमके उदाहरण एका इंग्रजी रहस्यकथेत सापडावे, ही लक्षणीय गोष्ट आहे.

अलीकडील कादंबऱ्यांत हा पेच अधिक गुंतागुंतीचा झालेला दिसतो. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’मध्ये (२०१२) एमीची प्रकरणे जूलिया व्हेलन हिने आणि निकची कर्बी हेबॉर्न याने वाचली आहेत. पूर्वार्धातील एमीची रोजनिशी बनावट असल्याचे पुढे उघड होते. म्हणजे वाचिकेपुढील कार्य दुहेरी ठरते. रोजनिशी ऐकताना खरी वाटली पाहिजे, आणि मागाहून आठवताना ती जरा अधिकच खरी, म्हणून रचलेली, वाटली पाहिजे. पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) तीन वाचिकांनी तीन स्त्रियांच्या आवाजांत सादर केली आणि तिला २०१६ साली वर्षातील सर्वोत्तम श्राव्य पुस्तकाचा ‘ऑडी’ पुरस्कार मिळाला. आवाज वेगळे असल्याने कोण बोलते हे तत्काळ कळते; केव्हा बोलते हे मात्र निसटते. मेगनची कहाणी रेचेलच्या कहाणीच्या सुमारे एक वर्ष आधी सुरू होते आणि याची मुख्य खूण म्हणजे प्रकरणाच्या माथ्यावरील तारीख. डोळा ती तारीख हवी तेव्हा पुन्हा पाहतो; कानावरून ती एकदाच जाते. मद्यपानाने स्मृती गमावलेल्या रेचेलची संभ्रमावस्था यामुळे श्रोत्यास अनुभवता येते, असा बचाव करता येईल. परंतु माध्यमाच्या उणिवेतून उपजलेला संभ्रम आणि लेखिकेने योजिलेला संभ्रम यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचे श्रेय कलाकृतीस देता येत नाही.

तेव्हा रहस्यकथा हलकी म्हणून ऐकण्यास योग्य, हे मत टिकत नाही. किंबहुना काकुसंयमाची सर्वाधिक अपेक्षा करणारा हाच कथाप्रकार आहे.

३

संगीतकारांच्या आत्मचरित्रांत प्रश्न उलटा होतो. तेथे आवाजाने काही लपवावयाचे नसते. आवाज हाच पुरावा मानला जातो. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘बॉर्न टू रन’ (२०१६) स्वतः वाचले आणि पुढल्याच वर्षी त्या पुस्तकाच्या आधारे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कथन व गायनाचा एकपात्री प्रयोग उभा केला. वाचनातून रंगभूमीकडे जाण्याची ही वाटचाल स्वाभाविक होती, कारण त्याच्या गद्यातच गाण्याची लय आहे.

पॅटी स्मिथ यांचे ‘जस्ट किड्स’ (२०१०) याहून वेगळे आहे. छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांचा १९८९ साली मृत्यू झाला. दोघांची कथा लिहिण्याचे वचन स्मिथ यांनी त्यांना दिले होते. विशीतील दारिद्र्य आणि स्नेह यांचे हे वर्णन साठी ओलांडलेल्या स्त्रीच्या आवाजात ऐकू येते. त्यांचे वाचन अभिनयाच्या निकषांवर फारसे कुशल नाही. स्वर सपाट आहे आणि उच्चारांत न्यू जर्सीचा बाज उघड दिसतो. तथापि कथेतील मुलगी आणि वाचणारी वृद्धा यांच्यामधील चार दशकांचे अंतर त्या सपाट स्वरानेच जाणवते. हे अंतर छापील पानावर वाचकास कल्पनेने भरून काढावे लागते.

परंतु ‘ज्याचे त्यानेच वाचावे’ हा नियम करता येईल काय? कीथ रिचर्ड्सचे ‘लाइफ’ (२०१०) जेम्स फॉक्स या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिले गेले आणि अभिनेता जॉनी डेप, संगीतकार जो हर्ली व स्वतः रिचर्ड्स अशा तिघांनी वाचले. एल्टन जॉनच्या ‘मी’ (२०१९) या आत्मचरित्राच्या लेखनात ॲलेक्सिस पेट्रिडिस याचे साहाय्य आहे. त्याचा आरंभ व शेवट जॉनने वाचला आहे, आणि मधला सर्व भाग टॅरन एजर्टनने, म्हणजे त्याच वर्षीच्या ‘रॉकेटमन’ या चित्रपटात जॉनची भूमिका करणाऱ्या नटाने. बॉब डिलनच्या ‘क्रॉनिकल्स : व्हॉल्यूम वन’चे (२००४) वाचन शॉन पेनने केले. श्रोत्यांची तक्रार या तिन्ही पुस्तकांविषयी सारखीच असते की खरा आवाज मिळाला नाही. मात्र ज्या गद्यास आकार देण्यात दुसऱ्याचा हात आहे, त्याचा खरा आवाज कोणता, हे तक्रार करणारा सांगत नाही. ‘लाइफ’मध्ये रिचर्ड्सचा आवाज ऐकू येताच आतापर्यंतचे निवेदन उसने होते अशी जाणीव होते; वस्तुतः त्याचा स्वतःचा भागही सहलेखकाच्या संस्कारातूनच आलेला असतो. आवाजाची अस्सलता आणि लेखनाची अस्सलता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या बळावर दुसरी गृहीत धरली जाते. डिलनच्या बाबतीत तर त्याचा आवाज श्रोत्याच्या कानात आधीच ठसलेला असतो. पेनचा परका स्वर त्या स्मृतीस दूर ठेवतो आणि प्रथमच त्याचे गद्य गद्य म्हणून ऐकू येते. परक्या आवाजाचा हा लाभ तक्रारीच्या भरात दुर्लक्षित राहतो.

४

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, या तिसऱ्या विधानास एक मानसशास्त्रीय बाजू आहे. २०१० साली डॅनियल व वुडी यांनी केलेल्या अभ्यासात ध्वनिमुद्रण ऐकलेल्या विद्यार्थ्यांना तोच मजकूर वाचलेल्यांपेक्षा चाचणीत कमी गुण मिळाले. २०१६ साली रोगोस्की, कॅल्हून व टॅलल यांनी एका इतिहासपर गद्यग्रंथाचा भाग प्रौढांना देऊन पाहिले असता आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. पाठ्यविषय अभ्यासावयाचा आणि कथन अनुभवावयाचे यांत फरक आहे, एवढेच यावरून सावधपणे म्हणता येईल.

स्वेन बर्कर्ट्सने ‘द गुटेनबर्ग एलिजीज’ (१९९४) या ग्रंथात घेतलेला आक्षेप अधिक मूलगामी आहे: श्रोता वाचनाच्या गतीवरील आपला अधिकार गमावून बसतो. हा आक्षेप ध्वनिफितींच्या काळातला आहे. आज श्रोत्यास गती दीडपट वा दुप्पट करता येते. म्हणजे अधिकार परत मिळाला, पण ढोबळ स्वरूपात. मूकवाचक एका वाक्यापाशी थबकतो आणि पुढची दोन पाने भरभर ओलांडतो. श्रोता सरसकट सर्वच वाक्यांना घाई करतो, आणि त्या घाईत प्रथम नष्ट होते ती काकु.

मराठी परंपरेत श्रवणाची दुसरी रीत होती. पोथीवाचनात श्रोत्यांसाठी अर्थ सांगण्याकरिता वाचणारा थांबत असे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनात समोरच्या श्रोत्यांचे हसू कथेची गती ठरवीत असे. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवेमुळे मराठी पुस्तके कानांत घालून एकट्याने ऐकण्याची सोय झाली; परंतु ध्वनिमुद्रणातील वाचकास श्रोता दिसत नाही, हा फरक राहतोच. यंत्राने निर्मिलेल्या आवाजाने तो आणखी तीव्र केला आहे. २०२३ च्या आरंभी ॲपलने अशा आवाजांत वाचलेली इंग्रजी पुस्तके विक्रीस आणली. राजशेखराची व्याख्या येथे कसोटीस लागते. यंत्राचा स्वर चढतो व उतरतो. परंतु त्यामागे अभिप्राय नसल्यामुळे त्यास काकु म्हणता येणार नाही. अशा वाचनास अर्थ देण्याची जबाबदारी पुन्हा श्रोत्याकडे येते, आणि त्या मर्यादेत तो मूकवाचकाच्या अधिक जवळ जातो.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. ब्रिटनमधील बोलकी पुस्तके पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या गरजेतून जन्मास आली. ब्रेल लिपी शिकणे त्यांच्यातील अनेकांना कठीण जात होते. त्यांच्यापैकी एकाने ‘टायफून’ ऐकली आणि तिच्यावर मत दिले, तर ते वाचकाचे मत नव्हे असे म्हणावयाचे काय? तसे म्हटल्यास वाचन ही डोळ्यांची क्रिया ठरते आणि विद्यापीठांतून श्राव्य पुस्तकांच्या आधारे पदवी घेणारा दृष्टिहीन विद्यार्थी साहित्याचा अभ्यासक असूनही वाचक ठरत नाही. हा निष्कर्ष कोणासही मान्य होणार नाही. म्हणून ऐकणे हे वाचन आहे किंवा नाही, असा प्रश्न विचारण्यापेक्षा त्या वाचनात काकु कोणी पुरविली आणि श्रोत्याने तिची संहितेशी तुलना केली काय, असे विचारणे शास्त्रशुद्ध होईल. मूकवाचकास हा प्रश्न कधी विचारला गेला नाही, कारण त्याची काकु कोणास ऐकू येत नव्हती. श्राव्य पुस्तकाने ती ऐकू येईल अशी केली. तिच्या परीक्षणाचे कार्य समीक्षेने आता हाती घ्यावयास हवे.