लिपी, यंत्र आणि हाताची विद्या

यंत्र जुने झाले की ते चालविणाऱ्या हाताची विद्याही जुनी होते, असे सर्रास मानले जाते. संगणकांचा छंद तीसएक वर्षे बाळगलेल्या प्रस्तुत लेखकास हे मत अर्धेच खरे वाटते. कोणती विद्या यंत्राबरोबर संपते आणि कोणती त्याच्यामागे उरते, ह्याचा विवेक केल्यावाचून नव्या साधनांची स्तुती व जुन्या साधनांचा शोक ही दोन्ही व्यर्थ होत. मराठी लेखनाच्या साधनांना हा निकष लावून पाहण्याचा येथे विचार आहे. आणि त्यासाठी बराकपुराइतके सोयीचे ठिकाण मिळणे कठीण.

बराकपुरासमोर, हुगळीच्या पैलतीरी, श्रीरामपूर आहे. तेथील मिशन छापखान्यातून विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बाहेर पडला. व्याकरणातील मराठी नागरी लिपीत होते, कोशातील मोडीत. मोडी ही लेखणी न उचलता लिहिण्याची धावती लिपी. तिची अक्षरे सुटी करून धातूत ओतणे म्हणजे वाहते पाणी घागरींत भरणेच होय. पंचानन कर्मकार ह्यांच्या परंपरेतील कारागिरांनी ते साधले. ते खिळे केव्हाच नाहीसे झाले, ते ओतण्याची कलाही गेली. परंतु मोडी जाणणाऱ्यास तो कोश आजही वाचता येतो, आणि २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्वतःचे स्थानही मिळाले. खिळ्यांची विद्या संपली, लिपीची उरली.

हाच न्याय संगणकालाही लागू पडतो. बराकपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या ट्रंक रोडवर, बरानगर येथे, भारतीय सांख्यिकी संस्था आहे. १९५५-५६ च्या सुमारास तेथे बसविलेले इंग्लंडचे ‘हेक-२एम’ हे यंत्र भारतातील पहिला अंकीय संगणक मानले जाते. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या त्याच्याच अंकभाषेत. ती भाषा आज कोणाच्याही उपयोगाची नाही. परंतु मोठे गणित लहान पायऱ्यांत कसे फोडावे, ही त्या पिढीने कमावलेली दृष्टी मात्र कालबाह्य झाली नाही.

आता लेखनाकडे वळू. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याचा खडखडाट कचेऱ्यांतून ऐकू येत राहिला. यंत्रावरील मराठी ही अक्षरांच्या आकारांची मराठी होती. अर्धा ‘ण’ उमटवून त्याला काना जोडावयाचा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ मागून. रफार अक्षर उमटल्यावर. उच्चाराचा क्रम एक, बोटांचा दुसरा. यंत्राची ही अडचण इतकी मोठी वाटे की, लिपीनेच यंत्रापुढे वाकावे असा पक्ष मराठीत उभा राहिला. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अि, अी, अु’ ही ‘अ’ची बाराखडी पुष्कळांना स्मरत असेल. त्या चळवळीमागील तळमळ खरी होती. परंतु ज्या यंत्रासाठी लिपी बदलावयाची, ते यंत्रच लिपीच्या आधी गेले. आजच्या संगणकाला कोणतेही जोडाक्षर जड नाही. साधनाची तात्पुरती मर्यादा हा लिपीचा दोष समजण्याची घाई किती महाग पडली असती, हे ह्यावरून ध्यानी यावे.

पुढे संगणक आला. पण प्रारंभीच्या मराठी फाँटांनी टंकलेखनाचीच परंपरा चालविली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसविले गेले, आणि ते कोठे बसवावयाचे हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या मताने ठरविले. ह्या फाँटांच्या आधाराने डीटीपी करणाऱ्यांनी मराठी दिवाळी अंकांची पाने घडविली, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि तो फाँट काढून घेतला की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग उरतो. १८१० चा कोश वाचता येतो. १९९५ ची फ्लॉपी, ती वाचणारे यंत्र हाती असले तरी, वाचता येईलच असे नाही. कारण तीत मराठी लिहिलेली नसून मराठीचे चित्र ठेवलेले असते.

ह्या पार्श्वभूमीवर इन्स्क्रिप्ट कळफलकाचे मोल लक्षात येते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो प्रमाण ठरविला. त्याची रचना आकारांवर नव्हे, वर्णमालेवर झाली आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. ‘इ’ आणि तिची वेलांटी एका कळीवर. ‘ल’पाशी ‘ळ’, ‘र’पाशी ‘ऱ’. जे मूल बाराखडी शिकले, त्याला हा फलक निम्मा आधीच ठाऊक असतो. शिवाय हीच मांडणी बांगला लिपीलाही लागू आहे. मराठीची सवय झालेली बोटे त्याच कळांवर बांगला ‘क’ उमटवितात. बदलीच्या गावी तेथील लिपी लिहू पाहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यास ह्याहून मोठी भेट कोणती? तमीळ असो, तेलुगू असो, बोटांना नव्याने शिकावे लागत नाही. केवळ डोळ्यांना शिकावे लागते.

असे असूनही जिंकली ती रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत. तिच्यामुळे असंख्य माणसे लिहिती झाली, आणि हे श्रेय लहान नव्हे. परंतु तिची किंमत लेखनात स्पष्ट दिसते. समुद्र तो ‘दर्या’ आणि डोंगरांतील त्या ‘दऱ्या’. गुरू ते ‘आचार्य’ आणि स्वयंपाक्यांना हाक मारावयाची ती ‘आचाऱ्यांनो’. रोमन अक्षरांना हा भेद दिसत नाही, म्हणून यंत्र पर्याय पुढे करते आणि लिहिणारा पहिला येईल तो उचलतो. ‘दुसर्या’ हे रूप आता इतके दिसते की त्याचे नवलही वाटेनासे झाले आहे. येथे चूक यंत्राची नाही. निवड करावयाची असते ती लिपी जाणणाऱ्या डोळ्याने. आणि तो डोळा घडविण्याचे काम कोणतीही सोय परस्पर करून देत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, उद्या बोलूनच लिहिता येईल. मग कळांचा हा विचार कशाला? उत्तर असे की, बोललेले कागदावर उतरले तरी ते बरोबर उतरले की नाही, हे कोणाला तरी ओळखावे लागेलच. महाराष्ट्रात ती ओळख दुकानांच्या पाट्या, शाळा आणि वर्तमानपत्रे मिळून जिवंत ठेवतात. बराकपुरात पाटी बांगला, शाळा इंग्रजी, आणि मराठी केवळ जेवणाच्या वेळी कानावर पडणारी. अशा घरातील मुलाने आजीला पाठविलेला निरोपही रोमन अक्षरांत असेल, तर ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या हाताखालून कधी जाणारच नाहीत.

म्हणून साधन निवडताना ते किती नवे आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते हाताला काय शिकविते, हे पाहावयास हवे. यंत्राची खोड शिकविणारे साधन त्या यंत्राबरोबर जाईल. लिपीची घडण शिकविणारे साधन गेले, तरी शिकवण मागे राहील. काही आठवडे रोज अर्धा तास देण्याची तयारी असेल, तर इन्स्क्रिप्ट आजही संगणकात विनामूल्य उपलब्ध आहे. दूरदेशी राहणाऱ्या मराठी घराला आपली लिपी पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा ह्याहून स्वस्त मार्ग निदान प्रस्तुत लेखकास तरी आढळलेला नाही.