आमच्या मुलखाचे जुने फोटो

आज्जीच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या घरातला सगळ्यात जुना फोटो होता. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी माळेगावच्या जत्रेत काढलेला. आजोबा खुर्चीत, मनगटावर फोटोवाल्याचं उसनं घड्याळ, ते दिसावं म्हणून हात पुढं केलेला. बाजूला आज्जी उभी, डोईवर पदर. मागं पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. लातूरला शिकायला गेलो तेव्हा मला या फोटोची लाज वाटायला लागली होती. कॉलेजात सतरा सप्टेंबरला जुन्या मराठवाड्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागायचं. त्यात दौलताबादचा मिनार, वेरूळचं कैलास, कंधारचा किल्ला. ते फोटो खरे आणि आमचा खोटा, असं माझं पक्कं मत होतं.

आता तसं वाटत नाही. का, ते सांगतो.

आमच्या भागात कॅमेरा पहिल्यांदा आला तो दगडं बघायला. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरातन वास्तूंची पाहणी केली, तिचा अहवाल १८७८ साली निघाला. औशाजवळच्या खरोसा लेण्यांची नोंद त्यात आहे. काम मोलाचं, यात वाद नाही. खरोशाचा जांभा दगड ठिसूळ, त्यातलं बरंच आता झिजलं. पण त्या काळच्या असल्या फोटोंत माणूस दिसलाच तर तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला असतो. त्याचं नाव कुणी लिहीत नाही. मोजपट्टीला कशाला नाव लागतंय?

पुढं लाला दीनदयाळ आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. त्यांच्या फोटोंतला उजेड बघावा, किती नेमका धरलेला! महाल, शिकारी, मेजवान्या, लेणी, सगळं झळाळतं. १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात औरंगाबाद भागात चाललेल्या मदतकामांचेही फोटो त्यांच्या स्टुडिओनं काढले. म्हणजे आमची माणसं चित्रात आली, पण उपाशी म्हणून आली. फोटो सरकारच्या दानतीचा, माणसं नुसती पुरावा.

१९३१ साली हैदराबाद संस्थानानं टपालाची नवी सचित्र तिकिटं काढली. त्यात आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार होतं आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. मला यात गंमत वाटते. सुखरूप पोचलो, इकडं पाऊस नाही, एवढंच लिहायचं असलेल्या आमच्या कार्डाला आठ आण्यांचं तिकीट कधी लागलंच नाही. आमच्याच मुलखाचं चित्र, आणि ते आमच्या हाताला लागू नये इतकं महाग.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, तीन छप्पन. माळवदाची, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. किल्लारीचं नाव जगभर गेलं ते फोटोंतूनच. ढिगारे, सामुदायिक चिता, ऊर बडवणाऱ्या बाया. ते फोटो काढायला नको होते असं मी म्हणणार नाही. ते बघून मदत आली, माणसं धावली. पण दीनदयाळांच्या दुष्काळापासून किल्लारीपर्यंत एक गोष्ट बदलली नाही. आमच्याकडं कॅमेरा वळतो तो आम्ही मोडून पडल्यावर.

किल्लारीजवळच्या गावात माझी आत्या दिली होती. तिची नऊ वर्षांची पोरगी गेली. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला पोरीचा फोटो नव्हता. सगळीकडचे कॅमेरे गावात येऊन गेले होते, आणि घरात पोरीचा एक फोटो नव्हता! शेवटी एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत मागच्या रांगेत ती सापडली, ज्वारीच्या दाण्याएवढी. स्टुडिओवाल्यानं तोंड तेवढं मोठं करून दिलं. सगळं पुसट, कानामागं कुणाच्या तरी लुगड्याचा काठ आलेला. आत्या म्हणाली, "डोळे तिचेच हैत बघ." त्या फ्रेमला ती अजून हार घालते.

त्या दिवसापासून जत्रेतला फोटो मला वेगळा दिसू लागला. पडदा खोटा, घड्याळ उसनं, हे आजोबांना ठाऊक नव्हतं होय? पण कसं बसायचं, हात कुठं ठेवायचा, बायकोला शेजारी उभी करायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं. पैसे त्यांनी मोजले. जुन्या मराठवाड्याचे जेवढे फोटो मी पाहिले, त्यांत माणसाच्या मर्जीनं काढलेले असे हेच. पडदा खोटा असला तरी इच्छा खरी होती.

त्याचीही उणी बाजू सांगायला हवी. जत्रेतला फोटो ज्याच्याकडं पैसे त्याचाच. आमच्या घरी वीस वर्षं राबलेला सालगडी एकाही फोटोत नाही. आज्जी फोटोत आहे, पण उभी. खुर्ची एकच होती. आणि या फोटोंमागं काही लिहिलेलं नसतं. घरात सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणून कुणी लिहिलं नाही, आणि ठाऊक असणारी एकेक करून चालली.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी दौलताबाद जरूर लावावा. पण एकदा गावातल्या पेट्या उघडायला सांगाव्यात.

परवा मी तो लग्नातला फोटो घेऊन आत्याकडं गेलो आणि पेन्सिलीनं मागं नावं लिहायला बसलो. एकवीस माणसं. आत्यानं सतरा सांगितली. अठराव्या बाईवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ही आपल्याच घरची हाय रं, पर नाव येईना झालंय." मी तिथं तेवढंच लिहिलं: आपल्याच घरची.