वेदनाशामकाची चाचणी आणि परभणीचा रुग्ण : एक चिकित्सा

ऑलिसेरिडीन हे अफूवर्गातील नवे वेदनाशामक. त्याची ‘अपोलो-२’ ही चाचणी पोटाच्या शस्त्रक्रियेवरील म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत टिपणात तिचीच चिकित्सा करावयाची आहे.

४०१ रुग्णांवरील या अमेरिकन चाचणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. २४ तासांत अपेक्षित आराम मिळालेल्यांचे प्रमाण मॉर्फिनच्या गटात ७८.३ टक्के, ऑलिसेरिडीनच्या ०.३५ मिलिग्रॅम मात्रेच्या गटात ७६.३ टक्के आणि औषधगुण नसलेले द्रव्य दिलेल्या गटात ४५.७ टक्के होते. औषध वेदना शमविते, यात शंका उरत नाही. परंतु दावा त्याहून मोठा होता : मॉर्फिनइतका आराम आणि श्वसनाला कमी धोका. श्वसनाबाबतचा तो फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने आठ विरुद्ध सात मतांनी प्रतिकूल कौल दिला होता; मान्यता ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली.

आमचा मुख्य आक्षेप ‘पोट’ या शब्दालाच आहे. चाचणीतील शस्त्रक्रिया पोटावरील सैल त्वचा व चरबी काढण्याची होती. तीत आतड्याला हात लागत नाही. जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातून आतड्याला छिद्र पडून रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या रुग्णालयात येणाऱ्या शेतमजुराची अवस्था अगदी निराळी असते. पोटात पू झालेला, आतड्याची हालचाल थांबलेली, आणि अफूवर्गीय औषधाने ती आणखी मंदावण्याची भीती! शिवाय चाचणीतील रुग्ण पंपाचे बटण दाबून स्वतःच मात्रा घेत होता. ज्या वॉर्डात असा पंप नाही, तेथे रात्रपाळीच्या परिचारिकेची वाट पाहावी लागते.

वेदनेच्या मोजमापाचेही तसेच. ‘ठणका’, ‘कळ’, ‘आग’, ‘चमक’ हे आपल्या रुग्णाचे शब्द वेदनेची जात सांगतात. शून्य ते दहा या आकड्यांत केवळ तिची तीव्रता उरते. (मराठीच्या प्राध्यापकांनीही येथे लक्ष घालावयास हरकत नाही.)

तुलनेसाठी मॉर्फिन निवडणे शास्त्रदृष्ट्या योग्यच. तथापि गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील परवान्यांच्या जाचामुळे मॉर्फिन आपल्याकडील अनेक रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली, पण सवय मोडली ती मोडलीच. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही त्याच अधिनियमाखाली आले. जेथे डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल यांवरच भिस्त आहे, तेथे नव्या औषधाची तुलना याच तिघांशी आणि पोट खरोखर उघडलेल्या रुग्णांत व्हावयास हवी. ‘अपोलो-२’मध्ये ती झालेली नाही.